प्रत्येकी एक जोडी

आमच्या वाचनालयात तीन पंखे होते आणि तिन्ही पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं होती. पंखा फिरत असला की नाव दिसत नसे, म्हणून देणगीदार आत आले की आम्ही आधी पंखा बंद करत असू. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर कुणाच्या तरी कैलासवासी वडिलांचं नाव होतं. बाकांच्या पाठीवर नावं होती, पाण्याच्या माठाखालच्या तिवईवरसुद्धा एक होतं. सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत मी सत्तरच्या दशकात ग्रंथपाल होतो. या नावांना मी कधी हसलो नाही. माणूस देतो, तर त्याचं नाव लावावं. पण काचेच्या पेटीतल्या माशांचं जे झालं ते या सवयीतून झालं. ते होत असताना खरं काय ते माहीत असलेले आम्ही त्या खोलीत दोघंच होतो. त्यांतले एक आता नाहीत.

ते गिरणीत माग चालवत. तेलुगू घरातले, पूर्व भागात राहणारे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. पहिली पाळी सुटली की सायकल दामटत आमच्याकडे येत, कारण आमच्याकडे हैदराबादचं एक तेलुगू दैनिक यायचं. ते एक दिवस शिळं असे. बाकावर बसून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, मग घडी होती तशी घालून ठेवत. डोक्यावर कापसाचे बारीक तंतू असत. मी त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्या भाषेत तो थोरला भाऊ. ते मला मास्तर म्हणत. मी कधीच मास्तर नव्हतो, पण दिवसभर पुस्तकं हाताळणारा माणूस त्यांच्या लेखी दुसरा कोण असणार?

त्यांच्या घराच्या अंगणात सिमेंटचे दोन हौद होते आणि त्यांत ते मासे वाढवत. खाण्याचे नव्हेत, शोभेचे. सूत रंगवणाऱ्या एका नातेवाइकाने मुंबईहून कधीतरी पिशवीतून आणलेले चार झेब्रे, त्यांची झालेली शेकडो पिल्लं; दुसऱ्या हौदात पट्टेरी टायगर. झेब्रा म्हणजे करंगळीएवढाही नसलेला मासा, अंगावर निळ्या आणि फिकट सोनेरी, डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेघा. मी एकदा बघायला गेलो होतो. हौदाच्या कडेला अण्णांची सावली पडली तशी ती सगळी पिल्लं एकाच वेळी वळली, जणू कुणी पाण्याखालून एक पट्टेरी कापड ओढलं.

"बघा की," ते म्हणाले. "कोन पयला वळला, सांगा."

मला सांगता आलं नाही.

"मला बी न्हाय सांगता येत. वीस वर्सं बघतोय."

आमच्या कपाटात माशांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. कुणाच्या तरी घरातून रद्दीत जाता जाता ते आमच्याकडे आलं होतं. रंगीत चित्रं होती आणि प्रत्येक चित्रावर पातळ कागद. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, मला मासे कळत नव्हते. चारच्या सुमारास वाचक कमी असत. मग मी एकेक परिच्छेद मनात वाचून मराठीत सांगे आणि अण्णा त्यावर निकाल देत. "बरोबर हाय," किंवा "हे लिवनाऱ्यानं सोताच्या डोळ्यानं बघितलेलं न्हाय." त्या काळातल्या माझ्या आयुष्यातला हा सगळ्यांत चांगला तास होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यातल्या एका पानावर लिहिलं होतं की लहान, थव्याने राहणारे मासे एकेकटे किंवा जोडीने ठेवू नयेत. एका जातीचे किमान सहा तरी असावेत. थवा नसला की यांतले काही भेदरून कोपऱ्यात बसतात, खात नाहीत. आणि टायगर बार्बसारखे काही, जे थव्यात असताना आपसातच पाठलाग करत राहतात, ते दोघंच उरले की इतरांच्या अंगावर जातात. लांब परांचे आणि मिशांचे संथ मासे त्यांच्यासोबत कधीच ठेवू नयेत. मी हे सांगत असताना अण्णांनी गुडघ्यावर थाप मारली.

"ह्येच! ह्येच मी आमच्या मंडळींना सांगतोय. टायगर आठ असला तर खेळतोय, दोन असला तर चावतोय. आनि मिशीवाल्याच्या संगं तर न्हायच."

मिशीवाला म्हणजे गोरामी. त्याच्या पोटाखालून दोन लांब दोऱ्या लोंबतात, आंधळा काठीने चाचपतो तसा तो त्यांनी समोरचं चाचपत हळूहळू पुढे जातो.

"पन सहा कमीच," ते म्हणाले. "आठ म्हना. पुस्तकात सहा हाय का? असू द्या. आमच्याकडं आठ."

मग त्यांनी खिशात बोटं घातली आणि निळ्या सुताचा वीतभर तुकडा काढून त्या पानात ठेवला. एक टोक बाहेर राहिलं.

त्याच्या आदल्या वर्षी मोठा दुष्काळ होता. नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं तेव्हा काचेत मासे ठेवण्याचं कुणी बोललं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण पाणी परत आलं, आणि पाण्याबरोबर हौसही आली. आमचे अध्यक्ष वकील होते. पुण्याला एका डॉक्टरांकडे ताटकळत बसलेले असताना त्यांनी तिथली काचपेटी पाहिली आणि आपल्या वाचनालयात अशी पेटी हवी असं त्यांच्या मनाने घेतलं. पेटी कोण करणार? मी अण्णांचं नाव सुचवलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे आठवतं.

अण्णांनी लोखंडी अँगलची चौकट जोडून आणली, काचा बसवल्या, फटींत लांबी भरली. पंधरा दिवस रिकाम्या पेटीत पाणी भरून ठेवलं, गळतंय का ते रोज येऊन पाहिलं. खडे धुतले, गिरणीजवळच्या ओढ्यातून आणलेली वाळू सात वेळा धुतली. मग मासे ठरवायला कार्यकारिणीची सभा बोलावली आणि अण्णांनाही बसायला सांगितलं. ते त्या दिवशी पाळीवरून घरी जाऊन, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. डोक्यावर कापूस नव्हता. मला ते क्षणभर ओळखूच आले नाहीत.

सभेत सातजण होते. वकीलसाहेब म्हणाले, प्रत्येक सभासदाने एक जोडी द्यावी, म्हणजे सात जोड्या होतील, छान भरगच्च दिसेल. सगळ्यांना पटलं. पेटीवर एक चिठ्ठी लावायची, कुठली जोडी कुणाकडून.

अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते म्हणाले, "सायेब, सगळ्यांनी मिळून एकच जात घ्या की. धा-बारा झेब्रे घ्या. न्हायतर टायगरच घ्या, आठ-धा. लई शोभतंय. नावं सगळ्यांची खाली लिवा."

"अहो, पण सगळे सारखेच असले तर माझे कुठले आणि ह्यांचे कुठले?" कापड दुकानवाले सभासद म्हणाले. "पंख्यावर नाव घालता येतं. माशावर काय घालणार, शिक्का?"

सगळे हसले.

"मुद्दा रास्त आहे," वकीलसाहेब म्हणाले. "जात वेगळी असेल तरच ओळख राहील. मी त्या पट्टेरी वाघाची जोडी देतो. डॉक्टर, तुम्ही?"

आमच्या सभासद डॉक्टरांनी मला आदल्या दिवशीच पुस्तकातलं चित्र दाखवायला लावलं होतं. "मला ते मिशांचे आवडले. आमच्या आजोबांसारखे दिसतात."

अण्णा उभे राहिले. "नगं सायेब. वाघ आनि मिशीवाला एकत्र नगं. दोन वाघ तर नगंच. दोन असलं की चावतोय."

"आठ असले तर चावत नाही आणि दोन असले तर चावतो?" निवृत्त हेडमास्तर म्हणाले. ते विनोदी म्हणून प्रसिद्ध होते. "हे म्हणजे आमच्या नववी ब च्या उलटं झालं."

पुन्हा हशा. अण्णाही थोडे हसले, कारण सगळे हसत होते. मग त्यांनी टेबलाकडे बोट केलं. चित्रं बघण्यासाठी पुस्तक तिथेच ठेवलेलं होतं.

"पुस्तकात हाय की. मास्तरांनीच मला वाचून दावलं. धागा घातलाय बघा त्या पानात."

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. मी कोपऱ्यात इतिवृत्ताची वही घेऊन बसलो होतो.

"काय हो, काय म्हणतंय तुमचं पुस्तक?"

मी उठलो. पुस्तक धाग्यापाशी उघडलं. ते पान मला जवळजवळ पाठ होतं, तरी मी ते पुन्हा वरून खाली वाचलं. सात माणसं थांबली होती. त्यांना मी काय सांगावं हे वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. ते रागावलेले नव्हते, फक्त त्यांना हा विषय संपवायचा होता. पुढच्या विषयात माझी नोकरी कायम करण्याचा ठराव होता. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी नोकरीसाठी घाबरलो. पोटासाठी घाबरणं समजण्यासारखं असतं. पण ते खरं नाही. त्या क्षणी नोकरी माझ्या मनातही नव्हती. हसणाऱ्या माणसांच्या मध्ये उभं राहून, माग चालवणाऱ्या एका माणसाच्या बाजूने 'हो, हे म्हणतात तसंच लिहिलंय' एवढं म्हणायला मला अवघड वाटलं. इतकंच होतं.

"यात सर्वसाधारण लिहिलंय," मी म्हणालो. "दोन चालतच नाहीत असं काही नाही."

"म्हणजे चालतात."

"चालायला हरकत नसावी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी आज इतकं लिहिलं नसतं. राग नव्हता. गणित चुकलेलं पोर पाटीकडे बघतं तसं ते बघत होते, आपलं कुठे चुकलं ते शोधत.

"असंल," ते म्हणाले आणि खाली बसले. "मला कळलं नसंल."

ठराव मंजूर झाला. माझ्या नोकरीचाही झाला.

सात जाती अण्णांनीच गोळा करून आणल्या. झेब्रे आणि टायगर त्यांच्या हौदातले, बाकीचे त्या नातेवाइकाकडून मुंबईहून मागवलेले. त्यांनीच ते पेटीत सोडले. पेटीवर चिठ्ठी लागली, सात नावांची. लोखंडी चौकटीवर कुणाचं नाव नव्हतं.

पहिले चार दिवस पेठेतली माणसं मासे बघायला येत होती. सभासद आपापल्या जोडीपुढे उभे राहत, पाहुण्यांना दाखवत. पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या गोरामीची एक मिशी निम्मी झाली होती. दोन टायगर त्याच्या मागे लागले होते. तो कोपऱ्यात गेला तर ते कोपऱ्यात येत, वर गेला तर वर. त्यांना दुसरा उद्योगच नव्हता, पाठलाग करायला त्यांच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. झेब्र्यांची जोडी काचेवर सैरावैरा धडकायची. एका सकाळी त्यातला एक मला फरशीवर सापडला, कपाटाखाली, वाळून चिवट झालेला. दोन छोटे टेट्रा हवेच्या नळीमागे लपून बसले, ते उपाशीच मेले. एंजल माशाचे लांब पर कुरतडले गेले आणि त्या जखमांवर पांढरं काहीतरी धरलं, पिंजलेल्या कापसासारखं.

हेडमास्तर रोज येऊन चौकशी करत. "वकीलसाहेब, तुमच्या अशिलांनी आज कुणाकुणाला चावलं?"

वकीलसाहेबांना ते आवडत नव्हतं.

अण्णा रोज येत होते. तेलुगू पेपर न वाचता सरळ पेटीकडे जात. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "मास्तर, वाघ काढून नेऊ का? माझ्याच हौदातलं हाईत. तिकडं तेंचे भाऊबंद हाईत, गप होतील."

मी म्हणालो, "अध्यक्षांची जोडी आहे, अण्णा. विचारावं लागेल." आणि विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी पेटीत तीन मासे उरले होते, दोन टायगर आणि एक काळी मोली. पुन्हा सभा झाली. अण्णांना बोलावलेलं नव्हतं, पण ते पेपर वाचायला आलेलेच होते, म्हणून त्यांना उभ्या उभ्या आत घेतलं.

"मासेच रोगट आणले होते," वकीलसाहेब म्हणाले. "तो पांढरा रोग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

"रोग न्हाय सायेब. जखम हाय. चावल्यावर तसं धरतंय."

"मग चावले का? बाकी पेट्यांत चावत नाहीत ते?"

अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पुस्तकाचं नाव त्यांनी काढलं नाही. मी लिहीत होतो. वकीलसाहेबांनी सांगितलं ते, अण्णांच्या पूर्ण नावासकट, लिहिलं: पुरवलेले मासे मुळात रोगट असल्याने दगावले, असे सभेचे मत झाले. अण्णांचं नाव त्या वहीत एवढ्या एकाच ठिकाणी आहे.

बाहेर पडताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. त्यांना तेलुगू वाचता येत होतं, मराठी अक्षर जुळवायला वेळ लागे. "काय लिवलं, मास्तर?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

पुढच्या सभेत रिवाजाप्रमाणे मागचं इतिवृत्त मी वाचून दाखवलं, कुणी हरकत घेतली नाही आणि ते कायम झालं. कायम झालेल्या इतिवृत्तात पुढे एक अक्षरही बदलता येत नाही. हा नियम सभासदांना समजावून सांगण्याचं काम माझंच होतं.

अण्णा त्यानंतर आले नाहीत. आधी मला वाटलं, पाळी बदलली असेल. तेलुगू पेपर घडी न मोडता तसाच पडून राहू लागला. सहा महिन्यांनी तो बंद करायचा ठराव झाला, वाचणारं कुणी नाही म्हणून. काचेच्या पेटीत आम्ही मासिकांचे जुने अंक ठेवू लागलो.

तीनएक वर्षं गेली. एका दुपारी दोन वेण्या घातलेली, सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी टेबलापाशी आली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. चेहरा ओळखीचा वाटला, डोळे विशेषतः.

"सर, माशांचं एक इंग्रजी पुस्तक आहे का तुमच्याकडं? रंगीत चित्रांचं. आमच्या वडिलांनी पाठवलंय."

मी विचारलं, "कशाला हवंय?"

"वडील म्हणतात, तुझं इंग्रजी आता झालंय तर मला एक पान वाचून दाखव. त्यांना खात्री करायचीय. एक गोष्ट आपल्याला बरोबर कळली होती का चुकीची. धागा आहे म्हणाले त्या पानात."

पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होतं. त्या सभेनंतर मी ते कपाटात परत ठेवलंच नव्हतं. तिचं कोपर खणाच्या बरोबर वर टेकलेलं होतं.

"बाहेर गेलंय," मी म्हणालो.

"कधी येईल?"

"सांगता येत नाही."

ती आणखी दोनदा आली. दुसऱ्यांदा मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "सर, ज्यांनी नेलंय त्यांचा पत्ता देता का? मी जाऊन तिथंच वाचते, आणत नाही." मी म्हणालो, तसं सांगता येत नाही. ती म्हणाली, बरं. पायऱ्या उतरताना तिने मागे वळून मला नमस्कार केला.

आयुष्यभर मी लोकांना पुस्तकं दिली. उशिरा आणणाऱ्यांना दिली, पानं दुमडणाऱ्यांना दिली. एकच पुस्तक मी दाबून ठेवलं, आणि ते मागणारा माणूस फक्त एका पानासाठी मागत होता.

अण्णा गेल्याचं मला पेपर टाकणाऱ्याकडून कळलं. "तुमचे ते मासेवाले हो, तेलुगू पेपर वाचायचे. छातीचं दुखणं होतं म्हणे. आठवडा झाला की." तो पुढच्या दुकानाकडे वळला. मी आत येऊन खुर्चीवर बसलो. समोर पेटी होती, तिच्यात जुने अंक होते, आणि लांबी भरलेल्या कडांवर अण्णांच्या अंगठ्याचे ठसे अजून उमटलेले होते. इतकी वर्षं मी ते पाहिले नव्हते.

दोन दिवसांनी पुस्तक पिशवीत घालून मी पूर्व भागात गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही, हौद कुठे आहेत असं विचारलं की कुणीही दाखवत होतं. आजूबाजूच्या घरांतून मागांचा खडखडाट येत होता. अण्णांच्या पत्नी उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांना मराठी समजत नव्हतं फारसं, आणि मला सगळं आयुष्य सोलापुरात काढून तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. मुलगी बाहेर आली. मला पाहून ती चकित झाली नाही.

"बसा सर."

मी बसलो नाही. पिशवीतून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. ते बाहेर गेलं नव्हतं, माझ्या खणात होतं, तिन्ही वेळा होतं, असं सांगितलं. मग सभेतलंही सांगितलं. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. जसं आलं तसं सांगितलं.

तिने धाग्यापाशी पान उघडलं. निळा रंग उडून धागा जवळजवळ राखाडी झाला होता. ती उभ्या उभ्या वाचत राहिली, बोट ओळीखालून हळूहळू फिरवत. मग ती आईपाशी बसली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून, या वेळी तेलुगूत, मोठ्याने सांगू लागली. आई मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी त्या काहीतरी म्हणाल्या. थोडंच.

मी मुलीकडे पाहिलं.

"आई म्हणते, वडिलांना आम्ही सांगत होतो, तुम्ही वाचनालयात जाऊन त्या सरांनाच विचारा. तर ते म्हणायचे, मास्तर खोटं कशाला बोलतील? मलाच समजलं नसणार." ती थांबली. "त्यानंतर ते कुणाला काही सांगायचे नाहीत, सर. आधी कुणी मासे न्यायला आलं की अर्धा तास बोलायचे. कशात काय घालायचं, किती घालायचे. नंतर कुणी दोन मागितले की दोन द्यायचे. मी म्हणायची, दोन का देता, तुम्हीच म्हणायचा ना आठ? तर म्हणायचे, मला काय कळतंय, पुस्तकात तसं न्हाय."

मला वाटत होतं की मी त्यांचं नाव घालवलं. नाव गेलं ते पेठेत, आणि पेठेतली माणसं ते केव्हाच विसरली होती. घालवलं होतं ते वेगळंच. वीस वर्षं हौदाच्या कडेला बसून जे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावरचा त्यांचा विश्वास.

मी माफी मागितली. मुलीने ती आईला सांगितली. आईंनी माझ्याकडे पाहिलं, पण जाऊ द्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. कुणी तसं म्हणेल, अशी मला वाटेत आशा होती, हे कबूल केलं पाहिजे.

तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ हातात लोणच्याची रिकामी बरणी घेऊन फाटकाशी आले. "पोरी, दोन झेब्रे दे गं. नातू मागं लागलाय. दोनच दे, बरणीत किती मावणार?"

ती उठली. पुस्तक तिच्या हातातच होतं, धाग्याच्या पानात बोट घातलेलं.

"दोन नाही देत, मामा."

"का गं? तुझा बाप द्यायचा की."

"आठ न्या. आणि बरणीत नाही, घमेलं तरी आणा मोठं. दोन नेले तर मरतात ते."

"कोन म्हनतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आमचे वडील म्हणायचे," ती म्हणाली.

गृहस्थ कुरकुरत घमेलं आणायला गेले. तिने पुस्तक आईच्या मांडीवर ठेवलं, जाळी घेतली आणि हौदाच्या कडेला बसली. तिची सावली पाण्यावर पडताच सगळे झेब्रे एकदम वळले. कोण पहिला वळला ते मी पाहत होतो. मला दिसलं नाही.

पुस्तक मी परत आणलं नाही. वाचनालयाच्या नोंदीत ते अजून कपाटातच आहे.